रक्ताचा पाट: माशाचा, सरड्याचा आणि आपला

मे महिन्यात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत सकाळी नऊच्या सुमारास बांधावरच्या दगडावर सरडा येऊन बसतो, अंग चपटे करतो आणि पाठीवर ऊन घेत राहतो. अर्ध्या-पाऊण तासाने तो एखाद्या किड्यावर झेप घालतो, तेव्हा त्याच्या रक्ताचे तापमान आपल्या 37 अंशांच्या जवळपास पोचलेले असू शकते; सरड्यांच्या काही जाती तर त्याहूनही अधिक तापमानाला सुखाने वावरतात. तरीही शाळेच्या पुस्तकाने त्याला शीतरक्ती ठरवून टाकलेले असते, आणि आपण तो शब्द परीक्षेपुरता पाठ करून पुढे जातो.

हा शब्द मुळातच फसवा आहे. फरक रक्त गार की गरम असा नसून ऊब कुठून येते याचा आहे. आपण, गाय, म्हैस, कावळा, कोंबडी असे उष्णरक्ती प्राणी अन्न जाळून आपली ऊब आतच तयार करतो आणि बाहेर 45 अंश असोत की पौषातल्या पहाटेचे 8 अंश असोत, आतले तापमान जवळजवळ एकाच जागी धरून ठेवतो. सरडा, साप, बेडूक, मासा हे शीतरक्ती प्राणी ऊब बाहेरून, म्हणजे उन्हातून, तापलेल्या दगडातून किंवा पाण्यातून घेतात. या फरकाची किंमत मोठी आहे. सारख्या वजनाचा सस्तन प्राणी आणि सरपटणारा प्राणी यांची तुलना केली, तर नुसते स्वस्थ बसून राहण्यासाठीसुद्धा सस्तन प्राण्याला साधारण पाच ते दहा पट ऊर्जा खर्चावी लागते. तेवढे अन्न आणि तेवढा ऑक्सिजन प्रत्येक पेशीच्या दारात पोचवायचा तर वाहतुकीची सोयही त्याच पटीत हवी. म्हणून हृदयाला कप्पे किती, हे पाठ करण्याआधी त्या शरीराची मागणी किती, हे विचारावे. मग कप्प्यांचा हिशेब आपोआप लागतो.

मुळात वाहतूक लागते तरी कशाला? पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दाटीच्या जागेकडून विरळ जागेकडे आपण होऊन सरकतो. याला विसरण म्हणतात. हे सरकणे फुकटचे असले तरी त्याचा एक मोठा दोष आहे. अंतर दहापट झाले की लागणारा वेळ दहापट होत नाही, तो शंभरपट होतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग इतके अंतर ऑक्सिजनचे रेणू सेकंदाच्या लहानशा अंशात कापतात. एक मिलिमीटर जायला त्यांना चारेक मिनिटे लागतात, एक सेंटिमीटर जायला सात तासांच्या आसपास, आणि एक मीटर जायचे म्हटले तर काही वर्षे. डबक्यातल्या एकपेशीय अमिबाला म्हणूनच हृदयाची गरज पडत नाही. आपल्या पायाचा अंगठा मात्र फुप्फुसापासून मीटरभर लांब असल्यामुळे तिथे ऑक्सिजन वाहूनच न्यावा लागतो, आणि शेवटच्या केसभर अंतरातच त्याला विसरणाच्या हवाली करता येते.

पाणी लांब न्यायचे तर दोन रीती असतात, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. एक म्हणजे मोकाट पाणी देणे आणि दुसरी म्हणजे नळीतून देणे. कपाशीच्या बोंडात शिरणारी गुलाबी अळी मोकाट पद्धतीवर जगते. तिच्या पाठीतून एक लांब नळी जाते, तेच तिचे हृदय. ते रक्त पुढे ढकलून देते, आणि मग ते रक्त कोणत्याही बंद वाहिनीत न राहता सगळ्या अवयवांना भिजवत पोकळीत पसरते व सावकाश मागे येते. अन्नाचे घटक पोचवायला एवढे पुरते. पण ऑक्सिजन? तो तिच्या रक्तातून जातच नाही. अळीच्या दोन्ही अंगांना बारीक टिंबांसारखी छिद्रे दिसतात. त्यांतून हवा आत शिरते आणि फांद्या फुटत गेलेल्या सूक्ष्म श्वासनलिकांमधून थेट पेशींपर्यंत जाते. किडा चिरडला की लाल डाग पडत नाही, पिवळट किंवा हिरवट पाणी निघते, त्याचे कारण हेच: ज्या रक्ताला ऑक्सिजन वाहायचाच नाही, त्याला लाल रंगद्रव्य कशाला हवे? गांडुळाचा प्रकार याच्या उलट आहे. त्याला फुप्फुस नाही, तो ओल्या कातडीतूनच श्वास घेतो, पण त्याच्या रक्तवाहिन्या बंद आहेत आणि रक्त लालभडक आहे. फक्त हिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहणारे ते लाल रंगद्रव्य, पेशीत भरलेले नसून रक्तद्रवातच विरघळलेले आहे.

या हिमोग्लोबिनवर थोडे थांबायला हवे, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. नुसत्या रक्तद्रवात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो: 100 मिलिलिटरमागे सुमारे 0.3 मिलिलिटर. हिमोग्लोबिनमुळे तेवढेच रक्त 20 मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन उचलते. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण 250 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो आणि त्याचे हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवते, म्हणजे सुमारे एक लिटर ऑक्सिजन शरीरभर फिरतो व त्यातला चौथा हिस्सा उतरवून घेतला जातो. हिमोग्लोबिन नसते, तर याच कामासाठी हृदयाला मिनिटाला ऐंशी लिटरांहून अधिक रक्त फिरवावे लागले असते. अंटार्क्टिक समुद्रात असे मासे खरोखरच आहेत, ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन नाही आणि रक्त पाण्यासारखे स्वच्छ दिसते. पण तिथले पाणी गोठण्याच्या टोकाला असते, अशा गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर मावतो, माशाची मागणी बेताची असते आणि तरीही त्याला शरीराच्या मानाने मोठे हृदय बाळगावे लागते. तापीच्या पाण्यात ही चैन चालली नसती.

हिमोग्लोबिनचा दुसरा गुण म्हणजे त्याला उचलणे जसे येते तसे सोडणेही येते. जिथे स्नायू राबत असतात तिथे कार्बन डायऑक्साइड साचतो, आम्लता वाढते, ऊबही वाढते, आणि या तिन्ही खुणा दिसल्या की हिमोग्लोबिनची पकड सैल होते. ज्याला जास्त लागते त्याच्याच दारात माल अधिक उतरतो. यातला कार्बन डायऑक्साइडचा परिणाम डॅनिश शास्त्रज्ञ क्रिस्टियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1904 साली दाखवून दिला.

आता तापीतल्या रोहूकडे वळू. माशाचे हृदय साधे असते: रक्त घेणारा एक कप्पा, म्हणजे अलिंद, आणि रक्त ढकलणारा एक कप्पा, म्हणजे निलय. हृदयातून निघालेले रक्त आधी कल्ल्यांत जाते, तिथे ऑक्सिजन घेते आणि हृदयाकडे न परतता तसेच पुढे अंगभर फिरते. केळीच्या बागेतले ठिबक डोळ्यांपुढे आणा. मोटारीचे पाणी आधी फिल्टरमधून जाते, मग मेनलाइन, सबमेन आणि शेवटी नळ्यांना. फिल्टरमध्ये जो दाब खर्ची पडतो तो पडतो, उरलेल्या दाबावर शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोचवायचे असते. माशाचे कल्ले म्हणजे असा फिल्टर. तिथल्या केसाहून बारीक वाहिन्यांतून जाताना रक्ताचा बराच दाब ओसरतो आणि पुढचा प्रवास मंद दाबावर होतो. माशाला हे परवडते, कारण पाणी त्याचे वजन तोलून धरते आणि अंग गरम ठेवण्याचा खर्च त्याला नाही. शिवाय कल्ल्यांची एक करामत आहे. त्यांच्यावरून पाणी ज्या दिशेने वाहते, त्याच्या उलट दिशेने आत रक्त वाहते. त्यामुळे रक्ताला वाटेवर प्रत्येक ठिकाणी आपल्याहून जास्त ऑक्सिजन असलेले पाणी भेटत राहते आणि पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन काढून घेता येतो. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने वाहिले असते, तर निम्म्यावरच बरोबरी होऊन देवघेव थांबली असती.

उन्हाळ्यात मात्र मासा दोन्हीकडून कात्रीत सापडतो. गिरणेचे किंवा पांझरेचे पाणी आटून डोह उरतात आणि तापतात. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. इकडे पुरवठा घटतो आणि तिकडे, तापमान दहा अंशांनी वाढले की शीतरक्ती शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होत असल्यामुळे, मागणी वाढते. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात ते यामुळेच; रात्रभर शेवाळानेही ऑक्सिजन वापरलेला असतो, बनवलेला नसतो, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. मरळ आणि मागूर यांना याची झळ कमी लागते, कारण कल्ल्यांच्या जोडीला त्यांच्याकडे थेट हवा घेण्याची सोय आहे. बाजारात बाकीचे मासे केव्हाच निश्चल झालेले असताना ओल्या फडक्याखाली मरळ तासन् तास जिवंत राहते, ती याच सोयीवर.

बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात: दोन अलिंदे आणि एकच निलय. फुप्फुसाकडून आलेले ताजे रक्त आणि अंगाकडून आलेले वापरलेले रक्त त्या एकाच निलयात येते, म्हणून ‘बेडकाचे रक्त मिसळते, त्यामुळे त्याचे हृदय कमी प्रतीचे’ असा निष्कर्ष पुष्कळ पुस्तके काढतात. मला तो पटत नाही. एक तर निलयाच्या आतल्या कंगोऱ्यांमुळे आणि पुढच्या वाहिनीतल्या वळणदार पडद्यामुळे दोन्ही रक्ते बऱ्याच अंशी वेगळी राहतात. दुसरे म्हणजे बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, आणि कातडीतून आलेले ताजे रक्त डाव्या नव्हे, उजव्या अलिंदात येते. बेडूक चिखलात गाडून घेऊन मृगाच्या सरीची वाट पाहत पडलेला असतो तेव्हा फुप्फुसांकडून काहीच मिळत नाही. कातडीतून झिरपलेला थोडासा ऑक्सिजन हीच त्याची पुंजी. त्या वेळी हृदयात पक्की भिंत असती, तर कातडीकडून आलेले बरे रक्त उजव्या बाजूने निरुपयोगी फुप्फुसांकडे वळवले गेले असते. मधली भिंत नसणे हीच इथे त्याची सोय आहे.

सरड्या-सापांच्या निलयात अर्धवट भिंत असते आणि तिचा उपयोगही ते असाच लवचीकपणे करतात: श्वास चालू असेल तर रक्त फुप्फुसाकडे, श्वास रोखला असेल तर वळसा घालून अंगाकडे. मगरीच्या हृदयाला तर पुरते चार कप्पे असतात, तरी दोन मोठ्या रोहिण्यांना, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना, जोडणारे एक छिद्र तिने राखलेले आहे, आणि बुडी मारल्यावर हृदयातल्या खास झडपेबरोबर ते कामी येते. घोरपड मात्र निराळी. चिवटपणे पळणारी आणि भक्ष्याच्या मागे लागणारी ही बाई अर्धवट भिंत असूनही ठोका पडताना निलयाचे दोन भाग असे काही अलग करते की अंगाकडे जास्त दाब आणि फुप्फुसाकडे कमी दाब, असे दोन वेगळे दाब तिला मिळतात. मागणी वाढली की सरपटणाऱ्या प्राण्याचे हृदयसुद्धा सस्तनाच्या वाटेने जाऊ लागते, ते असे.

बांधावरचा तो सरडा नुसता पडून नसतो. ऊन घेताना त्याच्या कातडीतल्या वाहिन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके जलद होतात आणि पाठीवरची ऊब रक्त आत घेऊन जाते. सावलीत गेल्यावर त्याच तापमानाला ठोके मंद पडतात आणि कातडीकडचा प्रवाह आखडतो, त्यामुळे मिळवलेली ऊब लवकर जात नाही. तापायला वेळ कमी लागतो आणि निवायला जास्त. ऊब घरची नसली तरी तिचा व्यवहार तो रक्तामार्फत चोख करतो.

आपल्यासारख्या सस्तनांनी आणि पक्ष्यांनी दोन मोटारी बसवल्या. उजवी बाजू रक्त फुप्फुसाकडे पाठवते, डावी बाजू अंगाकडे, आणि मध्ये पक्की भिंत. भिंत हवी ती केवळ ताजे-शिळे रक्त वेगळे राहावे म्हणून नव्हे, तर दाब वेगळे राहावेत म्हणूनही. माणसाची डावी मोटार पाऱ्याच्या 120 मिलिमीटरच्या आसपास दाब देते, उजवी जेमतेम 25 चा. फुप्फुसातला पडदा इतका पातळ असतो की 120 चा दाब तिकडे गेला तर रक्तातले पाणी पाझरून फुप्फुस भरून जाईल. आणि 25 चा दाब अंगाकडे दिला तर मेंदूपर्यंत रक्त चढणे कठीण. ठिबकच्या भाषेत, फिल्टरला वेगळी लहान मोटार आणि शेताला वेगळी मोठी मोटार.

हे रक्त गोल फिरते, हेच कळायला माणसाला फार काळ लागला. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने 1628 साली ते पुस्तकरूपाने मांडले. हृदय अर्ध्या तासात जेवढे रक्त बाहेर टाकते तेवढे शरीरात असूच शकत नाही, म्हणजे तेच रक्त परत येत असले पाहिजे, असा त्याचा साधा हिशेब होता. गमतीचा भाग असा की हृदयाची हालचाल नीट पाहण्यासाठी त्याला बेडूक, साप, मासे अशा शीतरक्ती प्राण्यांचीच मदत झाली, कारण त्यांचे ठोके इतके सावकाश पडतात की डोळ्यांना टिपता येतात. रोहिण्यांतले रक्त नीलांत, म्हणजे हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिन्यांत, जाते तरी कुठून, हे मात्र त्याला दिसले नव्हते. 1661 साली इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगी याने सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या, त्याही बेडकाच्या फुप्फुसात.

आता अन्नाकडे. कळण्याची भाकरी आणि वर तेल सोडलेले भरीत पोटात गेले की त्यांच्या वाटा फुटतात. भाकरीतल्या पिठाची साखर आणि प्रथिनांचे अमिनो आम्लांचे तुकडे लहान आतड्याच्या केशवाहिन्यांत शिरतात आणि तिथले रक्त थेट हृदयाकडे न जाता एका खास नीलेतून आधी यकृतात नेले जाते. यकृत म्हणजे वाटेवरचा नाका: जास्तीची साखर ठेवून घ्यायची, कमी पडली तर सोडायची आणि विषारी काही आले तर शक्यतो तिथेच निपटायचे. तेलाचा मार्ग वेगळा आहे. स्निग्धांशाचे बारीक गोळे केशवाहिनीत शिरू शकत नाहीत, ते लसीकावाहिन्यांत, म्हणजे रक्ताऐवजी लसीका नावाचा द्रव वाहणाऱ्या वाहिन्यांत, जातात आणि छातीतून वर चढत मानेच्या मुळाशी डाव्या बाजूला रक्तात येऊन मिसळतात. 1622 साली गास्पारे आसेल्ली याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याजवळ दुधासारख्या पांढऱ्या रेषा पाहिल्या, त्या याच वाहिन्या.

अन्नाच्या बाबतीत शीतरक्ती प्राणी किती टोकाला जाऊ शकतो, हे अजगर दाखवतो. तो कित्येक आठवडे उपाशी राहतो आणि मग स्वतःच्या वजनाच्या मानाने प्रचंड शिकार एकदम गिळतो. ती पचवताना त्याचा ऑक्सिजनचा वापर अनेक पटींनी चढतो आणि ते काही दिवस टिकते. रक्तद्रव स्निग्धांशाने दुधाळ होतो. आणि आपल्या अजगराचा सख्खा म्हणावा असा ब्रह्मदेशी अजगर घेऊन केलेल्या, 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या निलयाचे वजन 48 तासांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढलेले आढळले. जेवण पचले की हृदय पुन्हा लहान. आपण मात्र एवढे मोठे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवतो आणि म्हणून दिवसातून दोनदा जेवतो.

आपल्या पाच लिटर रक्ताने सगळ्या केशवाहिन्या एकाच वेळी भरता येत नाहीत, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटातून चारीत आणि चारीतून शेतात पाळीने जाते, आणि कोणाची पाळी कधी हे पाटकरी बघतो. शरीरातही लहान रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू आकसून किंवा सैल होऊन हेच काम करतात. जेवल्यावर आतड्याची पाळी, नांगराच्या मागे चालताना पायांची. मेंदूचा वाटा मात्र जवळजवळ कायमचा राखीव. ज्याने ही केशवाहिन्यांची उघडझाप समजावली त्या ऑगस्ट क्रोग यांना 1920 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जळगाव-भुसावळचा मे महिना या पाळ्यांची परीक्षा पाहतो. आतली ऊब बाहेर टाकायची तर ती रक्तानेच कातडीपर्यंत आणून द्यावी लागते. एरवी कातडीला मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आतबाहेर मिळणारे रक्त कडक उष्म्यात सहा ते आठ लिटरांपर्यंत वाढू शकते, त्यासाठी हृदय धावू लागते आणि आतड्याची पाळी कापली जाते. दुपारी जेवण नको वाटते त्यात याचाही हात असतो. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम झाली की कातडीपर्यंत आणलेली ऊब घामाच्या वाफेनेच जाऊ शकते. घाम रक्तद्रवातूनच येतो. पाणी आणि मीठ भरून निघाले नाही तर पाटातले पाणीच आटते, दाब ढासळतो, घाम थांबण्याच्या बेतात येतो आणि आतले तापमान 40 अंशांपलीकडे जाऊन माणूस बरळू लागतो. तो उष्माघात असतो आणि तेव्हा अंग ओले करून वारा घालत तातडीने दवाखाना गाठावा लागतो. म्हशीला घाम बेताचाच येतो, म्हणून ती कातडीतली ऊब उतरवायला डबक्यात जाऊन बसते.

पौषात गणित उलटते. पहाटे हतनूर धरणाच्या गार पाण्यात बगळा तासभर उभा राहतो आणि तरी त्याचे अंग गारठत नाही, कारण त्याच्या पायात खाली जाणारी उबदार रोहिणी आणि वर येणारी गार नीला एकमेकींना लगटून असतात. खाली जाणारे रक्त आपली ऊब वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते आणि पाय जवळपास पाण्याइतकाच गार ठेवते. माशाच्या कल्ल्यातली उलट प्रवाहाची जी करामत ऑक्सिजन मिळवण्यासाठी होती, तीच इथे ऊब राखण्यासाठी आहे. त्याच पाण्यातला बेडूक, ठोके अगदी मंद करून, तळाच्या गाळात बसलेला असतो आणि बगळ्याला लागणाऱ्या अन्नाच्या लहानशा अंशावर तो थंडीचे दिवस काढतो.